किचीचा रंग

माझ्या पप्पांनी 'जंगल बुक' पहिल्यांदा पाहिलं ते ट्रॅक्टरच्या बॅटरीवर.

साल 1993. गाव इस्लापूर, तालुका किनवट, जिल्हा नांदेड. पप्पा तेव्हा बारा वर्षांचे. गावात टीव्ही मोजकेच, आणि रविवारी सकाळी लाइट जाणार हे इतकं ठरलेलं की लोक लाइट गेली की समजायचे, आज रविवार. पण फॉरेस्ट गार्डच्या क्वार्टरमध्ये एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची. ती शनिवारी रात्री काढून आणायची, सोमवारी सकाळी परत बसवायची, आणि मधल्या काळात ट्रॅक्टरवाल्याला काम निघू नये म्हणून महादेवाला साकडं घालायचं.

टीव्ही बघण्याची फी होती माणशी दोन कळश्या पाणी. गार्डसाहेबांच्या बायकोचा रांजण भरला की दार उघडायचं. एक पोरगा छपरावर, अँटेनाचा बांबू धरून. तो बिचारा 'जंगल बुक' ऐकायचा फक्त. दर रविवारी छपरावर कोण जाणार यावरून शनिवारी मारामारी व्हायची.

हे सगळं मला 2020 च्या एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं. पप्पांना कार्टून आवडतं हेच मुळात माहीत नव्हतं. उलट मी अ‍ॅनिमेशन शिकायला पुण्याला जाते म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "कार्टून काढायला तीन लाख?" पुढे काही बोलले नाहीत. पहिला हप्ता भरला, नांदेडपर्यंत सोडायला आले, गाडीच्या खिडकीतून मला पार्ले-जीचा पुडा दिला आणि परत गेले.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कॉलेजनं घरी जायला सांगितलं. मी एक सॅक आणि ड्रॉइंगचा पॅड घेऊन आले. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे म्हणून उन्हाळ्याचे कपडेसुद्धा आणले नव्हते.

पप्पांचा धंदा मंडप आणि साउंडचा. तुम्ही कधी लग्नसराईत आमच्या भागात आला असाल तर तुम्हाला कळेल, एप्रिल-मे म्हणजे या धंद्याचं अख्खं वर्ष. उरलेले दहा महिने खांब रंगवायचे, कनाती शिवायच्या आणि उधारी वसूल करायची. त्या वर्षी चौदा लग्नांची बुकिंग होती. एकेक करून सगळी गेली. फोन यायचा, पप्पा ओसरीत जाऊन बोलायचे, आत येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे. आम्ही मोजत होतो. आई तर कॅलेंडरवर फुल्या मारत होती. अ‍ॅडव्हान्स परत द्यायचा होता, आणि अ‍ॅडव्हान्सच्या पैशात मार्चमध्ये नव्या खुर्च्या घेतल्या होत्या. अंगणात ताडपत्रीखाली दोनशे खुर्च्या एकात एक बसून होत्या. त्यांच्यावर कोंबड्या झोपायच्या.

दूरदर्शननं 28 मार्चपासून 'रामायण' पुन्हा सुरू केलं हे सगळ्यांना आठवतं. त्याच्या मागोमाग, 8 एप्रिलपासून दुपारी एक वाजता 'जंगल बुक' लागलं, हे कमी लोकांना आठवत असेल. आमच्याकडे फुकटवाली छत्री होती, त्यामुळे दूरदर्शन हमखास यायचं. माझा भाऊ दहा वर्षांचा, फोनवर जपानी मारामारीचे कार्टून बघणारा. मी जेवत होते. पप्पा आडवे झाले होते, तोंडावर रुमाल.

शीर्षकगीत सुरू झालं आणि रुमाल खाली पडला.

ते गाणं मला पाठ होतं, पण वेगळ्या कारणानं. पप्पा कुठल्याही लग्नात साउंड लावून झाला की टेस्टिंगला हेच गाणं वाजवायचे. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. पंचक्रोशीत ते गाणं ऐकू आलं की लोक समजायचे, मंडप झाला, आता हळदीला निघायला हरकत नाही. एकदा नवरदेवाकडच्या एका मामांनी हटकलं होतं, लग्नात चड्डीचं गाणं कशाला लावता म्हणून. पप्पा म्हणाले होते, पोरांचे आवाज वर जातात तिथं ट्रेबल कळतो, खालच्या ठेक्यात बेस कळतो, दुसरं कोणतंही गाणं एवढं खरं सांगत नाही. मला वाटायचं, ही त्यांच्या धंद्यातली कायतरी खुबी असेल.

त्या दुपारी मी त्यांना सांगितलं की हे गुलजारनी लिहिलंय आणि चाल विशाल भारद्वाजची आहे. विशाल भारद्वाज तेव्हा कुणाला माहीत नव्हते, 'माचिस' तीन वर्षांनी, 1996 ला आला. पप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटायचं ते जंगलखात्याचंच गाणं हाय." गार्डच्या घरात ऐकलं ना. बरोबरच होतं त्यांचं.

आणि मग तो प्राणी पडद्यावर आला. पहिल्या दिवशी नाही, काही भागांनंतर. मोगलीच्या मागे मागे फिरणारा, गुबगुबीत, झुपकेदार शेपटीचा. किची.

पप्पा उठून बसले. टीव्हीजवळ गेले. आमच्या टीव्हीचा पडदा काही फार मोठा नाही, पण ते इतके जवळ गेले की आम्हाला त्यांची पाठच दिसत होती.

"माय," ते मला म्हणाले, "हे लाल हाय व्हय?"

सत्तावीस वर्षं त्यांच्या डोक्यात किची करडा होता. सगळंच करडं होतं. झाडं करडी, नदी करडी, मोगली करडा. वाघाला पट्टे दिसायचे म्हणून तो वाघ. बगीरा तेवढा बरोबर दिसायचा, कारण तो मुळातच काळा. पण किची नेमका कोण आहे यावर 1993 साली इस्लापुरात दोन तट पडले होते. एक गट म्हणायचा मांजर, दुसरा म्हणायचा कोल्ह्याचं पिल्लू. शेवटी प्रकरण गार्डसाहेबांकडे गेलं. त्यांनी टीव्हीकडे नीट बघून, खात्याच्या अधिकारानं निकाल दिला: उदमांजर. त्यावर अपील नव्हतं.

मी फोनवर शोधून दाखवलं. रेड पांडा. हिमालयाच्या अंगाला, सिक्कीम-अरुणाचलकडे बांबूच्या जंगलात राहतो. मोगलीची गोष्ट घडते मध्य प्रदेशात, सिवनीच्या जंगलात. तिथे रेड पांडा असण्याचा प्रश्नच नाही. जपान्यांनी तो मनानं घुसडला आहे, किपलिंगच्या पुस्तकात तो नाहीच.

"हिमालयातून आलाय एवढा?" पप्पा म्हणाले. "लॉकडाऊनच्या आधी निघाला आसंल."

ते हसले. चौदापैकी अकरावं लग्न त्याच सकाळी गेलं होतं.

त्यानंतर रोज एक वाजता आमच्या घरी शो व्हायचा. भाऊ आधी नाक मुरडायचा. त्याचा आक्षेप असा की "ह्यात तर काही हलतच नाई." आणि तो बरोबर होता. ही मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओनं केलेली, दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा, 1989-90 साली जपानमध्ये आलेली, एकूण 52 भाग. टीव्हीसाठी दर आठवड्याला एक भाग काढायचा म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही तोकडे. सेकंदाला 24 फ्रेम लागतात, पण प्रत्येक फ्रेमसाठी नवीन चित्र कोण काढणार? मग एकच चित्र तीन-तीन फ्रेम दाखवायचं. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. बोलताना अंग तसंच ठेवायचं, फक्त तोंड हलवायचं. पळताना तेच चार-सहा पायांचे ठसे फिरवून फिरवून वापरायचे आणि मागचं जंगल सरकवायचं. ओसामू तेझुकानं 1963 मध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉय' काढताना ही काटकसर जपानी टीव्हीवर रुजवली, ती पुढे त्यांची शैलीच झाली.

हे मला पुण्यात पहिल्याच सेमिस्टरला शिकवलं होतं. मी भावाला समजावत होते. वहीच्या कोपऱ्यावर आठ पानांत पळणारं कुत्रं काढून, पानं फडफडवून दाखवलं.

पप्पा मध्येच म्हणाले, "ते झाड परत परत येतं."

"कुठलं?"

"मोगली पळतो तवा. वाकडी फांदी हाय बघ, तिच्याखाली दगड. ती तिनदा येती. मी तवाच सांगितलेलं. पोरांनी मला मारलं, म्हणले तुला काय कळतं, जंगल हाय, झाडं सारखीच असतेत."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. मोगली पळाला. मी मोजलं. एक. दोन. तीन. वाकडी फांदी, खाली दगड.

बारा वर्षांच्या पोरानं, करड्या मुंग्या येणाऱ्या चौदा इंची पडद्यावर, पार्श्वभूमीचं चित्र फिरवून वापरलंय हे पकडलं होतं. आमच्या वर्गात तीस जण होतो. सरांनी मुद्दाम क्लिप दाखवून विचारलं होतं, काय दिसतंय? कुणालाही दिसलं नव्हतं. मलाही नाही.

मी त्या दिवशी पहिल्यांदा पप्पांच्या मंडपांकडे नीट बघितलं, म्हणजे त्यांच्या फोनमधल्या जुन्या फोटोंकडे. कनातीच्या पट्ट्या, स्टेजची उंची, कमानीवरचा कपडा. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा मंडप सगळेच घालतात. पण पप्पांच्या मंडपात मधला एक पट्टा नेहमी हिरवा असायचा, आणि तो नेमका नवरा-नवरी बसतात त्याच्या मागे. मी विचारलं, असं का. म्हणाले, "फोटो चांगला येतो." बस, एवढंच.

आता थोडं या जंगलाबद्दल, कारण घरात त्यावरून रोज वाद व्हायचे.

रुडयार्ड किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 ला. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. 'द जंगल बुक' 1894 ला आलं, आणि त्यातलं बरंचसं त्यानं अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिलं. सिवनीला तो गेल्याचा दाखला नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून आणि ऐकीव माहितीवरून त्यानं ते जंगल उभं केलं. त्यावरून जपान्यांनी चित्रं काढली, त्यात हिमालयातला प्राणी घातला, त्यावर हिंदी आवाज चढले, आणि ते गार्डच्या घरात पोचलं तेव्हा त्यातला रंगही गेलेला होता. इतक्या हातांतून गेलेलं जंगल, आणि खिडकीच्या बाहेर खरं जंगल. किनवटचं सागवान, पळस, मोह. गार्डसाहेब टीव्हीतल्या बालूकडे बघून म्हणायचे, "आपलं अस्वल आसं शाळा घेत नाई बाबांनो, आधी डोकं फोडतं."

किपलिंगच्या पुस्तकात जी नदी आहे ती वैनगंगा. आपलीच. भंडारा-गडचिरोलीवरून येणारी. भावाला मी नकाशा दाखवला. आमची पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून उडी मारते, एका काठाला मराठवाडा, दुसऱ्या काठाला विदर्भ. पुढे ती वर्धेला मिळते. वर्धा जाऊन वैनगंगेला मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता. प्राणहिता गोदावरीला मिळते, जी आधीच नांदेडवरून जाऊन बसलेली असते. म्हणजे मोगलीच्या नदीचं पाणी आणि सहस्रकुंडाचं पाणी शेवटी एकच.

"मग बुमरँग तिकडं गेलं आसंल," पप्पा म्हणाले.

ही दुसरी गोष्ट. मालिकेतल्या मोगलीकडे लाकडी बुमरँग असतो. फेकला की शत्रूला लागून परत हातात. 1993 च्या पावसाळ्यात पप्पांच्या टोळीनं सुताराच्या मागे लागून सागाच्या फळीचा एक करून घेतला. फी एक आठवडा भुसा झाडणे. पहिल्या फेकीत तो म्हशीला लागला. म्हैस परत आली, बुमरँग नाही. मग मोकळी जागा हवी म्हणून सगळे सहस्रकुंडाला गेले आणि वरच्या खडकावरून फेकला. तो झोकात गेला आणि कुंडात पडला. परत येणार म्हणून पाच पोरं तासभर उभी होती.

मी त्यांना सांगितलं की नुसता वाकडा कापून भागत नाही, दोन्ही पात्यांना वरून गोलाई आणि खालून सपाटी लागते, पंख्याच्या पात्यासारखी, तेव्हा तो वळतो. मग आम्ही तिघांनी मिळून पुठ्ठ्याचा एक केला, तीन पात्यांचा. अंगणातून फेकला. तो खुर्च्यांच्या चळतीला वळसा घालून आला आणि पप्पांच्या छातीला लागला. त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. त्यांना वाटलं, कामधंदा नाही म्हणून माणसाचं डोकं फिरलं.

शेरखानाबद्दल लिहिलं नाही तर पप्पा रागावतील. हिंदीतल्या शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. तेव्हा 'प्रहार' येऊन गेला होता, 'क्रांतिवीर' यायचा होता. पप्पांच्या टोळीतला नियम असा की खेळताना मोगली व्हायला कुणीही चालायचं, पण शेरखान व्हायचं तर नानाचा आवाज काढून दाखवावा लागायचा. त्यामुळे शेरखान कायम एकच, आमचे पप्पा. अजूनही काढतात. दात आवळून, शब्द तोडून, मध्येच खाली घसरून. माझ्या भावाला नाना माहीत ते 'नाम'वाले, दुष्काळात मराठवाड्यात काम करणारे. ते वाघ होते हे त्याला पटेना. मी त्याला आणखी एक सांगितलं: नाना जे. जे. मध्ये अप्लाइड आर्ट शिकलेले. म्हणजे ज्या आवारात किपलिंगचा बाप शिकवायचा, तिथंच शेरखान शिकायला गेला. हे ऐकून पप्पा गप्प झाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चित्र शिकलेला माणूस हाय तो?"

"हो."

"आणि मग काम दुसरंच मिळालं."

मी काही बोलले नाही.

खरा वाघही त्या वर्षी सगळ्यांच्या बोलण्यात होता. 2019 च्या जूनमध्ये पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ निघाला, तेलंगणात गेला, परत फिरला, पैनगंगा अभयारण्यातून, हिंगोलीवरून, शेतं-रस्ते ओलांडत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर. स्वतःचा प्रदेश शोधत. पप्पांना तो वाघ फार आवडायचा. "पुण्याला गेलेलं पोरगं" म्हणायचे त्याला.

29 एप्रिलला दुपारी इरफान खान गेल्याची बातमी आली. भावानं 2016 चा इंग्रजी पिक्चर हिंदीत पाहिला होता, त्यात शेरखान पुन्हा नाना, बगीरा ओम पुरी आणि बालू इरफान. ओम पुरी आधीच गेलेले. भाऊ म्हणाला, "पप्पा, बालू मेला." त्या दिवशी एक वाजता आम्ही टीव्ही लावला, पण आवाज बारीक ठेवला. कुणी ठरवलं नव्हतं.

मेमध्ये कॉलेजचा मेल आला. नाव लिहीत नाही, सगळीकडे तेच चालू होतं. वर्ग ऑनलाइन, फी पूर्ण. दुसरा हप्ता 65 हजार, 15 जूनपर्यंत. मी मेल वाचला आणि कुणाला सांगितलं नाही. ऑनलाइन वर्गासाठी लागणारा लॅपटॉपही माझ्याकडे नव्हता, कॉलेजच्या लॅबवर काम चालायचं.

पण पप्पांना हप्त्याची तारीख पाठ होती. ज्याचा धंदाच तारखांचा, त्याच्यापासून तारीख कशी लपणार? एका संध्याकाळी मी पाण्याला उठले तर ते ओसरीत फोनवर बोलत होते. हळू आवाजात. दोन बेस, दोन टॉप, अ‍ॅम्प्लिफायर. हिमायतनगरच्या कुणाला तरी भाव सांगत होते. समोरचा पाडून मागत होता. पप्पा म्हणत होते, "आवाज ऐका एकदा येऊन, मग बोला."

साउंड विकला तर मंडपवाल्याकडे काय राहतं? बांबू.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला मेल पाठवला, प्रवेश रद्द करते म्हणून. चार ओळी. 'जंगल बुक' लागायला दहा मिनिटं होती. पाठवून मी आत येऊन बसले. पप्पांना ते जूनच्या शेवटी कळलं, पैसे भरायला फोन केला तेव्हा. ते माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. आईमार्फत निरोप. "तिला म्हणावं जेवून घे." "तिला म्हणावं पंखा बंद कर." घर दोन खोल्यांचं, आम्ही सगळे एकमेकांपासून सहा फुटांवर.

दहाव्या दिवशी मी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि शेवटचे भाग लावले. कारण त्या एप्रिलमध्येच त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांनी शेवट पाहिलेला नाही. 1994 च्या सुरुवातीला आजोबांनी त्यांना शाळेतून काढून नांदेडला एका नातेवाइकाच्या मंडपाच्या कामावर ठेवलं. मंडपवाल्याला रविवार कसला? रविवारी तर लग्नं. इतर लोकांच्या लग्नात खांब रोवताना कुठल्या तरी घरातून ते गाणं यायचं आणि संपायचं. पोरं नंतर भेटली तेव्हा त्यांनाही नीट सांगता आलं नाही, एकजण म्हणाला मोगली राजा झाला, दुसरा म्हणाला शेरखान परत जिवंत झाला. पप्पांनी नाद सोडला.

आम्ही फोन तांब्याला टेकवून ठेवला. भाऊ पायाशी. पप्पा माझ्याकडे न बघता बघत होते. शेरखान संपला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, नानाचा आवाजही काढला नाही. मग शेवटचा भाग. मोगली जंगल सोडतो. लांडग्यांचा, बालूचा, बगीराचा निरोप घेतो आणि माणसांत राहायला जातो.

गाणं लागलं. पप्पांनी ते बंद होईपर्यंत ऐकलं.

"म्हंजे गेलाच व्हय शेवटी," ते म्हणाले.

"हाव."

"कुणी धाडला का आपण होऊन गेला?"

मी म्हटलं, "आपण होऊन."

त्यांनी फोन उचलून मला दिला. "साउंड मी इकणारच होतो. तुला कुणी इचारलं नव्हतं." एवढं बोलून ते कोंबड्या हाकलायला अंगणात गेले. नऊ दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

हे काही मिटलेलं प्रकरण नाही. कोर्स अजून अर्धाच आहे. मी फोनवर आणि नंतर एका सेकंडहँड लॅपटॉपवर शिकत गेले. लहान मुलांच्या मराठी गोष्टींच्या व्हिडिओंसाठी पार्श्वभूमीची चित्रं काढते. पैसे कधी येतात, कधी फक्त "ताई, मस्त झालंय" येतं. तेच झाड फिरवून फिरवून वापरते. सर्टिफिकेट नाही म्हणून दोन ठिकाणी परत पाठवलंय. पप्पा अजूनही पाहुण्यांसमोर म्हणतात, "तिनं माझ्याच्यानं सोडलं." मी म्हणते नाही. ते म्हणतात हो. आई म्हणते, दोघं गप बसा.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी दिवाळीनंतर पन्नास माणसांची लग्नं सुरू झाली. आमच्याच गावात एक ठरलं. स्टेजच्या मागे लावायला फ्लेक्स छापायचे पैसे नवरीच्या बापाकडे नव्हते, आमच्याकडेही नव्हते. पप्पांनी जुन्या पांढऱ्या कनाती जोडून एक पडदा शिवला, बारा बाय आठ, आणि माझ्यापुढे आणून टाकला. सोबत पत्र्याच्या डब्यांत खांब रंगवायचे ऑइलपेंट, हिरवा, काळा, पिवळा, आणि लालचा तळाला राहिलेला थर.

मी चार दिवस ओसरीत पालथी पडून काढलं. साग, मोह, मागे सहस्रकुंड, पांढऱ्या पेंटचे नुसते ओघळ सोडून. पप्पा येता-जाता बघायचे. एकदा फक्त म्हणाले, "ती फांदी तिकडं पण घेतलीस." खरंच घेतली होती. वेळ नव्हता.

लग्नाच्या सकाळी पडदा लागला, साउंड लागला, टेस्टिंगचं गाणं वाजलं. नवरीची आत्या पुढे येऊन निरखून बघायला लागली. उजव्या कोपऱ्यात, मोहाच्या बुंध्याशी, लालचा उरलेला थर मी वापरला होता.

"सगळं छान हाय ओ," ती पप्पांना म्हणाली, "पण कोपऱ्यात ती मांजर कशाला काढली?"

पप्पा वायर गुंडाळत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मांजर नाई ती. लई लांबून आलीय."